देहबोली आणि परदेशी पाहुणे: कोल्हापूरकरांना नेहमी पडणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, जर्मन किंवा जपानी ग्राहक येतो, इचलकरंजीत माग बसवायला परदेशी इंजिनिअर येतो, हुपरीची चांदी आणि कोल्हापुरी चप्पल देशाबाहेर जाते, इथली मुलं शिकायला परदेशी निघतात. इंग्रजीची तयारी सगळेच करतात. मान, हात, डोळे आणि पाय मात्र इंग्रजी बोलतानाही मराठीच बोलत राहतात. म्हणून या पानावर परक्या देशांच्या खुणांइतकंच आपल्या स्वतःच्या खुणांबद्दलही लिहिलंय. आपण नकळत काय करतो ते आधी कळलं, तर समोरच्याला ते कसं दिसतं हे समजायला वेळ लागत नाही.

आपण मान डोलावतो ते परदेशी माणसाला नेमकं काय वाटतं?

आपल्याकडे मानेच्या निदान पाच खुणा आहेत. वर-खाली हलली की सरळ ‘हो’. एकदाच खांद्याकडे कलून परत सरळ झाली की ‘चालतंय’ किंवा ‘ये मग’. दोन्ही बाजूंना हलकी झुलत राहिली की ‘ऐकतोय, बोला पुढं’. गाणं ऐकताना किंवा पैलवानाचा डाव बघताना डोळे अर्धे मिटून सावकाश डोलली की ‘वा!’. आणि हनुवटी झटक्यात वर गेली, जोडीला जिभेचा एकच ‘च्क’ आला, की ‘नाही’.

युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या माणसाला यातली पहिली खूण कळते. बाकीच्या त्याला ‘नाही’, ‘बघू’ किंवा ‘मला काही समजलेलं नाही’ अशा वाटतात. तो विचारतो, “१५ तारखेला माल निघेल का?” आपण मान झुलवतो. आपल्या मनात पक्का होकार असतो आणि तो वहीत ‘खात्री नाही’ असं लिहून घेतो. उलटही होतं. आपण नुसतं ‘ऐकतोय’ म्हणून मान हलवली, तर भारताची थोडी सवय झालेला पाहुणा तो होकार धरून चालतो आणि महिन्याभरानं भांडण होतं.

मान हलवायची थांबवू नका, ते जमतही नाही. तिच्या जोडीला पूर्ण वाक्य बोला, आणि त्यात तारीख किंवा नग येऊ द्या: “हो, १५ तारखेला पाचशे नग निघतील.” नुसतं ‘ओके’ पुरत नाही, कारण ओके म्हणजे ‘कळलं’सुद्धा होतं.

बल्गेरियात परंपरेनं ‘हो’ला मान आडवी हलते आणि ‘नाही’ला वर झटकते. परदेशी लोकांशी रोज काम करणारे काही जण मुद्दाम उलटं करतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. तिथं तोंडानं विचारून घेणंच बरं. ग्रीस आणि तुर्कस्तानात मात्र आपला हनुवटी वर करून केलेला ‘च्क’ जसाच्या तसा ‘नाही’ म्हणून चालतो.

या ‘च्क’चं आणखी एक. एकदा केला तर आपल्यात नकार, दोन-तीनदा ‘च्च च्च’ केलं तर हळहळ. इंग्रजी बोलणाऱ्यांत तोच ‘च्च च्च’ नापसंतीचा असतो. पाहुण्यानं सांगितलं की आई दवाखान्यात आहे, आणि आपण कळवळून ‘च्च च्च’ केलं, तर त्याला आपण नाराज आहोत असं वाटू शकतं. तिथं शब्दांत सांगा.

जपानी ग्राहक मीटिंगभर ‘हाय, हाय’ म्हणत मान हलवत होता. मग ऑर्डर का आली नाही?

ते ‘हाय’ म्हणजे आपला हुंकार. आजी गोष्ट सांगताना नातू ‘हं, हं’ करतो, तसा. जपानीत या सवयीला ‘आइझुची’ म्हणतात. तो न देणं म्हणजे लक्ष नसणं, म्हणून तुमचं म्हणणं पटलेलं नसलं तरी तो देत राहतो.

खरा नकार दुसरीकडे दिसतो. दातांतून ‘स्स’ करून हवा आत ओढणं, मान एका बाजूला कलती करून थांबणं, ‘चोत्तो…’ म्हणजे ‘जरा…’ एवढंच म्हणून वाक्य सोडून देणं, किंवा दीर्घ शांतता. ही शांतता आपल्याला सोसत नाही. आपण ती भरायला बोलतो, आणि बोलता बोलता भाव कमी करतो. समोरचा कदाचित कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव मालाच्या, फिनिशिंगचा विचार करत असतो, भावाचा विषय त्याच्या डोक्यातही नसतो. अशा वेळी मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तरी शांतता राहिली तर विचारा, “कुठल्या मुद्द्यावर अजून माहिती हवी?” या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून उत्तर मिळतं. संध्याकाळी ठरलेले मुद्दे लिहून पाठवा. लेखी मुद्द्यांवर तो शांतपणे दुरुस्त्या कळवू शकतो.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, अक्षरं त्याच्याकडे करून द्या. त्याचं कार्ड दोन्ही हातांनी घ्या, वाचा, बैठक संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवा. मागच्या खिशात घालू नका, त्यावर काही खरडू नका. वाकण्याचे तिथं साधारण १५, ३० आणि ४५ अंशांचे प्रकार शिकवतात. पाहुण्यानं ते मोजून करावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. थोडं वाकून नमस्कार पुरतो. एकाच वेळी वाकणं आणि हात पुढे करणं एवढं टाळा, डोकी आपटतात.

तो तर्जनी स्वतःच्या नाकाकडे नेतो ते ‘मी?’ असं विचारायला. आपण छातीवर हात ठेवतो, तो नाक दाखवतो. दोन्ही हात फुलीसारखे आडवे धरले तर ‘नाही, चालणार नाही’. तळवा खाली करून बोटं हलवणं म्हणजे ‘इकडे या’. हे आपल्यासारखंच आहे. अमेरिकन माणसाला मात्र तीच खूण ‘जा’ अशी वाटते.

किती अंतरावर उभं राहावं?

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली यावर मांडणी केली. अगदी जवळच्या माणसांसाठी सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांसाठी ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर, कामाच्या बोलण्यासाठी १.२ ते ३.६ मीटर, त्यापुढे सभेचं अंतर. हे आकडे सगळीकडे छापले जातात, पण ते मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीय माणसांवरून काढलेले आहेत, आणि हॉल यांनी स्वतः ते सगळ्या जगाला लावू नका असं बजावलं होतं. २०१७ साली ४२ देशांतल्या लोकांना अनोळखी माणसापासून किती अंतर बरं वाटतं ते विचारलं गेलं. अर्जेंटिनाचे लोक सगळ्यात जवळ, रुमानियाचे सगळ्यात लांब निघाले. म्हणजे ‘युरोपीय लांब राहतात, बाकीचे जवळ येतात’ असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे मिसळीच्या हॉटेलात अनोळखी माणूस त्याच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसतो आणि कुणाला काही वाटत नाही. तीच सवय शॉपफ्लोअरवर पाहुण्याजवळ उभं राहताना येते. पाहुणा एक पाऊल मागं सरकला तर आपण तिथंच थांबायचं. पुढं सरकलो तर तो आणखी मागं जातो, आणि मागं भट्टी किंवा फोर्कलिफ्टची वाट असेल तर प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही. मशीनचा आवाज मोठा म्हणून कानाशी जाऊन बोलावं लागत असेल, तर आधी हातानं खूण करून जवळ या.

मित्राच्या खांद्यावर हात टाकून चालणं, बोलताना हात हातात धरून ठेवणं हा आपल्या पुरुषांचा मोकळेपणा आहे आणि तो सुंदर आहे. जर्मन, जपानी किंवा अमेरिकन पाहुणा पहिल्या भेटीत त्यानं अवघडतो. फोटोसाठीसुद्धा खांद्यावर हात टाकायची घाई नको.

मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची हे संस्कार. मुलाखतीत मग काय करायचं?

घरात, तालमीत वस्तादांसमोर, शाळेत नजर खाली ठेवणं म्हणजे मान देणं. जर्मनी, अमेरिका, ब्रिटन इथल्या मुलाखतीत तीच नजर ‘आत्मविश्वास नाही’ किंवा ‘काहीतरी लपवतोय’ अशी वाचली जाते. हुशार मुलं यात मार खातात, आणि त्यांना कारण कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

टक लावून बघायचं नाही. तीन-चार सेकंद डोळ्यांत बघा, मग विचार करताना नजर बाजूला जाऊ द्या, परत आणा. डोळ्यांत बघणं जड जात असेल तर भुवयांच्या मध्ये बघा, समोरच्याला फरक कळत नाही. दोन-तीन जण मुलाखत घेत असतील तर उत्तराची सुरुवात आणि शेवट प्रश्न विचारणाऱ्याकडे, मधला भाग बाकीच्यांकडे बघून.

व्हिडिओ कॉलवर वेगळीच अडचण येते. आपण स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघतो, कॅमेरा वर असतो, म्हणून त्यांना आपली नजर पडलेली दिसते. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा. समोरच्याच्या चेहऱ्याची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली ठेवा. स्क्रीनपासून हातभर लांब बसा, म्हणजे हातही दिसतील. खिडकी पाठीमागं नको, तोंडासमोर हवी. ऐकताना स्क्रीनकडे बघितलं तरी चालतं, महत्त्वाचं वाक्य बोलताना मात्र कॅमेऱ्याकडे.

जपान आणि कोरियात वरिष्ठांकडे रोखून न बघणं आजही सभ्य मानतात. तिथल्या मुलाखतीला आपले घरचे संस्कार कामाला येतात.

हस्तांदोलन करावं की नमस्कार?

यजमान आपण असलो तर नमस्कार करावा. त्यात कुणाला स्पर्श नाही, बाई-पुरुष हा प्रश्न नाही, आणि पाहुण्यालाही आवडतो. त्यानं हात पुढं केला तर हात द्या.

जर्मनांशी: उठून उभे राहा, दुसरा हात खिशाबाहेर, पकड घट्ट, एक-दोन झटके, डोळ्यांत नजर, सोडून द्या. कामाच्या बैठकीत खोलीतल्या प्रत्येकाशी, आणि निघतानाही. आखाती देशांत पकड मऊ असते आणि हात बराच वेळ हातात राहतो. लगेच काढून घेतला तर तुटक वाटतं. तिथल्या स्त्रीनं स्वतः हात पुढं केल्याशिवाय आपण करायचा नाही. छातीवर उजवा हात ठेवून मान लववली की पुरे. थायलंडचं ‘वाय’ आपल्या नमस्कारासारखंच दिसतं, पण हात किती उंच हे समोरच्याच्या मानावर ठरतं, आणि वयानं लहान माणूस आधी करतो.

अंगठा दाखवला तर काय बिघडलं?

‘ठेंगा दाखवणे’ हा वाक्प्रचार आठवा. अंगठा हलवून दाखवला की ‘काही मिळणार नाही, बस बोंबलत’ हा अर्थ आपल्याच भाषेत आहे. तोच अंगठा व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे’ झाला. इराणमध्ये आणि आसपास जुन्या पिढीला तो आजही शिवीसारखा वाटू शकतो. तरुणांमध्ये मोबाइलमुळे चालून जातो.

मोबाइलवरच्या अंगठ्याचा दुसराही धोका आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात २०२३ साली न्यायालयानं असा निकाल दिला की जवसाच्या खरेदीच्या कराराचा फोटो पाठवल्यावर शेतकऱ्यानं उत्तरादाखल पाठवलेला अंगठा ही त्याची संमती होती. माल न दिल्याबद्दल त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरावे लागले. गुळाचा किंवा कास्टिंगचा करार परदेशी ग्राहकानं मोबाइलवर पाठवला, तर ‘मिळाला, वाचून कळवतो’ असं लिहा. अंगठा पाठवू नका.

बाकी खुणा थोडक्यात. पाचही बोटं फाकवून तळवा समोरच्याच्या तोंडाकडे करणं हा ग्रीसमध्ये अपमान आहे. आपला आशीर्वादाचा हात किंवा ‘पाच मिनिटं थांबा’ तिथं तसा दिसू शकतो. अंगठा-तर्जनीचं कडं आपण ‘झकास’ म्हणून करतो, ब्राझील आणि तुर्कस्तानात ते अश्लील, फ्रान्समध्ये ‘शून्य’, जपानमध्ये ‘पैसे’. विजयाची दोन बोटं ब्रिटन-ऑस्ट्रेलियात हाताची पाठ समोर करून दाखवली तर शिवी होते. करंगळी वर केली की आपल्या शाळेत लघवीची परवानगी मिळते. जपानमध्ये त्याचा अर्थ प्रेयसी, चीनमध्ये ‘हलकं, निकृष्ट’. माल दाखवताना करंगळी आवरा. आणि पाची बोटांची चिमूट वर धरून हात हलवला तर इटलीत ‘काय म्हणणं आहे तुझं?’, अरब देशांत ‘जरा धीर धर’. अरब ग्राहकानं ती केली तर तो चिडलेला नाही, वेळ मागतोय.

बोटांनी आकडा दाखवताना चुका का होतात?

आपण अंगठा पेरांवर सरकवत मोजतो, एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. समोरच्याला ते मोजणं आहे हेच कळत नाही. जर्मन अंगठ्यापासून सुरू करतो, म्हणून अंगठा आणि तर्जनी उघडी म्हणजे त्याचे दोन. चीनच्या बऱ्याच भागात हीच खूण आठ. जपानी माणूस उघड्या पंजातली बोटं मिटत मोजतो, त्याची मिटलेली मूठ म्हणजे पाच.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तेव्हा चूक होत नाही, कारण दोघांना एकच रीत ठाऊक असते. परक्या माणसाशी ती नसते. आकडा कागदावर लिहा किंवा कॅल्क्युलेटरवर दाखवा.

फाउंड्रीत परदेशी इंजिनिअर क्रेनला हातानं इशारे देतो. आपल्या ऑपरेटरला कळतील का?

इथं संस्कृतीचा भाग शून्य ठेवायचा. क्रेनचे ठरलेले इशारे असतात आणि तेच वापरायचे. पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे: कोपरापासून हात उभा, तर्जनी वर, हाताचं लहान वर्तुळ म्हणजे ‘उचल’. हात खाली, तर्जनी खाली, लहान वर्तुळ म्हणजे ‘उतरव’. एक हात आडवा, तळवा खाली, पुढं-मागं म्हणजे ‘थांब’. दोन्ही हातांनी तसंच केलं तर ‘ताबडतोब थांब’.

गडबड होते ती आपल्या ‘ये ये ये’ या खुणेनं, कारण ती ट्रॉली पुढं आणायची, हूक खाली घ्यायचा की दोन्ही, हे तिच्यातून कळत नाही. काम सुरू करण्याआधी दोघांना समोरासमोर उभं करून हे चार इशारे एकदा करून घ्या. इशारे देणारा माणूस एकच. ‘थांब’ मात्र कुणीही देऊ शकतो, आणि तो कुणाचाही पाळायचा. वितळलेल्या लोखंडानं भरलेलं भांडं, म्हणजे लॅडल, क्रेनला असताना अंदाजानं वागायला जागा नाही.

संवादात ९३ टक्के वाटा देहबोलीचा असतो, हे खरं का?

नाही. हे प्रशिक्षणवर्गांत इतक्या वेळा सांगितलं जातं की खोडून काढताना दमायला होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून शब्दांना ७, आवाजाला ३८ आणि चेहऱ्याला ५५ टक्के हे आकडे आले; शेवटच्या दोघांची बेरीज म्हणजे ते ९३. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या आवाजात आणि चेहऱ्यांच्या फोटोंसह दाखवला होता, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द आणि सूर जुळत नसतील तेव्हा भावना कशावरून ओळखतात, इतकाच तो शोध. मेहराबियन यांनी स्वतः हा मर्यादित अर्थ स्पष्ट केलाय. शब्द खरंच सात टक्के असते, तर जपानी सिनेमा अनुवादाशिवाय जवळजवळ पूर्ण कळला असता.

नजर चुकवणारा खोटं बोलतो ना?

२००६ साली ७५ देशांतल्या लोकांना खोटारडा कसा ओळखायचा हे विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त आलेलं उत्तर हेच होतं. त्याच वर्षी आधीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला: माणसं खरं-खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. परक्या संस्कृतीतल्या माणसाबद्दल तर नजरेवरून निष्कर्ष काढूच नये.

हसू आणि राग तरी जगभर सारखे असतील?

बऱ्याच अंशी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून मूळ भावना सगळीकडे ओळखू येतात असं मांडलं. २०१६ साली त्याच देशाच्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या अभ्यासात मात्र, डोळे विस्फारून तोंड उघडलेला जो चेहरा आपण ‘भीती’ म्हणतो, तो तिथल्या लोकांनी ‘धमकी’ म्हणून वाचला. वाद अजून चालू आहे.

आमचा आवाजच मोठा. पाहुण्याला वाटतं भांडण चाललंय. काय करावं?

कोल्हापुरी बोलणं रांगडं आहे, ते बदलायची गरज नाही. पण पाहुण्याला शब्द कळत नसतात, त्याला फक्त आवाज, पुढं आलेली छाती आणि हवेत नाचणारी तर्जनी दिसते. त्याच्यासमोर आपसात मराठीत चर्चा करायची वेळ आली, तर आधी त्याला सांगा: “पॅकिंगबद्दल दोन मिनिटं बोलून घेतो.” मग तर्जनीऐवजी उघडा पंजा वापरा. माणसाकडे एका बोटानं निर्देश करणं पुष्कळ देशांत उद्धट समजतात. मलेशियात त्यासाठी मूठ मिटून वरचा अंगठा पुढं करतात.

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा तरी जगभर एकच असते का?

नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे आणि तिच्या संशोधनासाठी २०१५ साली दिल्लीत सरकारी केंद्र स्थापन झालं. हातवारे म्हणजे वेगळं काही, आणि व्याकरण असलेली ही पूर्ण भाषा वेगळी.

पाहुण्याला अंबाबाईच्या देवळात न्यायचंय. आधी काय सांगावं?

तीन गोष्टी, गाडीतच. चपला बाहेर. बसायची वेळ आली तर पाय देवाकडे पसरायचे नाहीत, मांडी घालता येत नसेल तर एका बाजूला दुमडायचे. थायलंड किंवा अरब देशांतून आलेल्या पाहुण्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, तळपाय दाखवणं तिथंही वाईट समजतात. युरोपीय माणसाच्या मनात पायाचा मान-अपमान नसतो. गर्दीत कुणाचा पाय त्याला लागला आणि त्या माणसानं वाकून हात छातीला लावला, तर त्याला कळणार नाही की कोण कुणाची माफी मागतंय. तेही सांगून ठेवा.

थाई पाहुण्यांसाठी एक जास्तीची सूचना: तिथं डोकं पवित्र मानतात. त्यांच्या लेकराच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवण्याआधी आईवडिलांकडे बघा.

तिसरी गोष्ट हाताची. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, डावा त्याच्याखाली. हे शब्दांत सांगून जमत नाही, कारण पाहुणा दोन बोटांनी पेढा उचलायला जातो. आधी तुम्ही स्वतः हात पुढं करून प्रसाद घ्या, मग त्याला घेऊ द्या.